आडवं बळ आणि दोन प्रोफेसर

लो-टेम्परेचर लॅबमध्ये किस्से एवढे का साठतात, सांगू? थांबावं लागतं म्हणून. हेलियम थंड करायचा म्हणजे आज बटण दाबलं आणि चहा होईपर्यंत झालं, असं नसतं. पंप लावायचे, आकडा खाली उतरताना बघत बसायचं. मध्येच कुठेतरी गळती निघते. मग सगळं परत गरम करायचं, गळती शोधायची, परत थंड करायचं. या सगळ्यात माणसं करणार काय? कॉफी पिणार आणि एकमेकांबद्दल बोलणार. बाकीच्या ऑफिसांत गप्पा मारल्या तर कामचुकार म्हणतात, आमच्याकडे त्यालाच कूलडाऊन म्हणतात.

मी इथे जर्मनीत एका युनिव्हर्सिटीच्या अशा लॅबमध्ये बरीच वर्षं आहे. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढे येणारे दोन प्रोफेसर तुम्ही इंटरनेटवर शोधून काढाल, आणि मला अजून तिथेच नोकरी करायचीय. येना शहरापासून फार लांब नाही, एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत.

किस्से तसे पोतंभर आहेत, पण आज फक्त निनादचे सांगते. निनाद पोवार, इचलकरंजीचा. आमच्याकडे पीएच.डी. करायला आला. हुशार, कष्टाळू, आणि मोठ्या माणसांपुढे इतका नम्र की मला कधीकधी त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटे. त्याचं सगळं भवितव्य एकाच प्रश्नावर टांगलेलं होतं. एक बळ आहे की नाही, हा तो प्रश्न. आणि उत्तर काहीही आलं तरी पोरगं बुडणार, अशी सगळी व्यवस्था होती. कशी ते ऐका.

*

आधी दोन मिनिटं फिजिक्स. घाबरू नका, माझ्या सासूबाईंनाही समजलंय.

हेलियम खूप थंड केला की त्याचा सुपरफ्लुइड होतो, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारा द्रव. त्यात बारीक बारीक भोवरे तयार होतात, नदीत होतात तसेच, पण हे आपोआप विरत नाहीत. असा भोवरा पुढे सरकायला लागला की त्याच्यावर बाजूने जोर येतो. पुढे ढकलावं तर तो आडवा जातो. आमच्या साताऱ्याच्या घरी एक म्हैस अशीच होती. हे आडवं बळ सगळ्या जगाला मान्य आहे. भांडण पुढेच आहे. द्रवाचा थोडा भाग सुपरफ्लुइड न होता साधाच राहिलेला असतो. तो साधा भागही भोवऱ्याला आडवं ढकलतो का?

आमचे प्रोफेसर हाझेलबुश म्हणतात, ढकलतो. दुसऱ्या गावच्या फ्राउ प्रोफेसर राइनके म्हणतात, अजिबात नाही. दोघं एकाच गुरूचे विद्यार्थी, म्हणजे आपल्या भाषेत गुरुबंधू आणि गुरुभगिनी. भाऊबंदकीही तशीच. हाझेलबुशांनी पेपर लिहिला की बाईंची त्यावर टीका छापून येते. मग यांचं त्या टीकेला उत्तर, मग त्या उत्तरावर बाईंची टीका. शेवटी शेवटी तर पेपरचं शीर्षक दोन ओळी आणि मजकूर दीड पान, अशी परिस्थिती आली होती.

आता इथल्या नियमाप्रमाणे पीएच.डी.ला दोन परीक्षक लागतात. पहिला आपला गाइड. दुसरा बाहेरचा, आणि त्याने गाइडबरोबर अलीकडे पेपर लिहिलेला नसावा. हाझेलबुश सर माणूस म्हणून फार गोड. कुणी विचारलं की चला, मिळून लिहू. त्यामुळे या विषयातल्या झाडून सगळ्या शहाण्या माणसांबरोबर त्यांनी पेपर लिहिलेले! नियमात बसणारी एकच व्यक्ती उरली. राइनके बाई.

निनादला ही बातमी मीच दिली. त्याने बोटांवर हिशोब केला. मग म्हणाला, "म्हणजे बळ निघालं तर बाई नापास करणार, आणि नाही निघालं तर सर."

मी म्हटलं, असं काही नसतं रे, ही शास्त्रज्ञ माणसं आहेत. म्हटलं खरं, पण माझाच मला विश्वास नव्हता.

*

पहिल्या हिवाळ्यात हाझेलबुश सर बर्फावरून सायकलवर आले आणि कोपऱ्यावर आडवे झाले. उजवा हात प्लास्टरमध्ये. सर दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये हजर, हात गळ्यात अडकवलेला.

नेमकं त्याच आठवड्यात निनादला मोजणीचा प्रोग्राम लिहायचा होता. बळ कुठल्या दिशेने येतं ते आम्ही बोटांनी ठरवतो. उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट एकमेकांना काटकोनात धरायची. अंगठा भोवऱ्याच्या अक्षाकडे, पहिलं बोट वेगाकडे, की मधलं बोट बळाची दिशा दाखवतं. बारावीच्या पोरालाही हे पाठ असतं. सरांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून त्यांनी सहज डावा वर केला आणि तीन बोटं काढून दाखवली. डाव्या हाताने हे केलं की बळ बरोबर उलटं येतं. निनादने पाहिलं, मान हलवली आणि जशीच्या तशी दिशा प्रोग्राममध्ये घातली.

काही आठवड्यांनी पहिलं उत्तर आलं. बळ उलट्या बाजूला! म्हणजे सर चूक, राइनके बाईही चूक, आणि कुणालाच माहीत नसलेलं तिसरंच काहीतरी बरोबर. सर खचले. कॉफीला येईनात. त्यांच्या बायकोने मला घरी फोन करून विचारलं की लॅबमध्ये कुणी वारलं का.

मी तेव्हा सुट्टीवर होते. परत आले तर हे गुरुशिष्य समोरासमोर बसलेले, दोघांचे डावे हात हवेत, तीन तीन बोटं ताणलेली, चेहरे सुतकी. मी दारातच उभी राहिले आणि म्हटलं, अहो, तो डावा हात आहे.

सरांनी आपल्या हाताकडे असं पाहिलं की जणू तो पोस्टाने आत्ताच आलाय. मग इतके हसले की प्लास्टरमधला हात दुखायला लागला. सर गेल्यावर मी निनादला धरलं. तुला खरंच दिसलं नाही?

"दिसलं की ओ मॅडम, पहिल्याच दिवशी. पण मला वाटलं, जर्मनीत डाव्या हाताची पद्धत असंल. गाडी नाही का उजवीकडनं चालवत."

मी जाऊन कॉफी केली.

*

दुसऱ्या वर्षी निनादचा व्हिसा वाढवायचा होता. परदेशी लोकांच्या ऑफिसात जायचं म्हणजे आपण सगळे आदल्या दिवसापासून कागद मोजत असतो. निनादने जर्मन वाक्यं पाठ केली होती. सोबतीला मी.

टेबलामागच्या बाई पोक्त, विणलेलं जाकीट घातलेल्या. सगळे कागद बघितले, सगळे होते. मग सहज विचारलं, तुमचं संशोधन आणखी किती दिवस चालणार? साधं उत्तर होतं, दोन वर्षं. पण निनाद पडला प्रामाणिक. तो म्हणाला, ते अवलंबून आहे. आम्ही एक बळ शोधतोय. ते असेल तर एका वर्षात मोजून होईल.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. नसेल तर?

नसेल तर जास्त वेळ लागेल, निनाद म्हणाला. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. माझ्या डोळ्यांपुढे त्याचं परतीचं तिकीट नाचायला लागलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आल्झो, असं आहे तर," त्या म्हणाल्या, "अगदी आमच्यासारखंच. असलेली फाइल दोन मिनिटांत सापडते. नसलेली शोधण्यात आख्खा दिवस जातो." आणि त्यांनी व्हिसा पूर्ण मुदतीचा दिला.

बाहेर आल्यावर निनाद मला म्हणाला, जर्मनीत आपलं काम समजून घेणारं पहिलं माणूस भेटलं.

*

प्रोग्राम दुरुस्त झाला, यंत्र थंड झालं, आणि बळ दिसायला लागलं. योग्य बाजूला. सर खूश. पण त्या बळाला एक विचित्र सवय होती. सोमवारी असायचं, गुरुवारी गायब. दुपारी जेवणानंतर सगळ्यात जास्त. सर परिषदेला गेले की आठवडाभर बळही नाही. मी निनादला म्हणायचे, बळाला सुट्ट्या आहेत वाटतं, युनियनमध्ये असेल.

निनादने चार-पाच दिवस गुपचूप लक्ष ठेवलं. मग मला बाजूला घेऊन सांगितलं. सरांना विचार करताना टेकायची सवय. जेवून आले की यंत्राच्या लोखंडी चौकटीवर कोपर टेकवायचं आणि आकड्यांकडे प्रेमाने बघत उभं राहायचं. चौकट केसभर कलायची. तेवढ्यानं आतली बळ मोजणारी तार हलायची आणि बळ वाढायचं. म्हणजे आडव्या बळाचा मोठा वाटा खुद्द सरांचा!

सांग की मग त्यांना, मी म्हटलं. निनादचा चेहरा पडला. चार वर्षांच्या काँट्रॅक्टवर सही करणाऱ्या माणसाला, तुम्ही टेकू नका, तुमच्यामुळेच तुमची थिअरी खरी ठरतेय, हे कसं सांगायचं? मी सांगते म्हटलं तर तेही नको. दुसऱ्या दिवशी तो घरच्या बाल्कनीतली कॅक्टसची कुंडी घेऊन आला आणि नेमकी सरांच्या कोपराच्या जागी ठेवली. चांगला बोटभर काट्यांचा कॅक्टस होता.

सर जेवून आले. कोपर वर केलं, कॅक्टस पाहिला, कोपर खाली केलं. "किती छान," म्हणाले, "लॅबमध्ये थोडं हिरवं हवंच." आणि पलीकडे भिंतीला टेकून उभे राहिले.

बळ कमी झालं. पण मजा बघा, शून्य झालं नाही. सर असोत, नसोत, सोमवार असो, गुरुवार असो, एक बारीकसं, चिवट बळ कायम राहिलं. सरांच्या थिअरीच्या निम्म्याहूनही कमी, पण होतं. निनादने तीन वेगळ्या पद्धतींनी मोजलं, तिन्ही वेळा तेवढंच आलं. त्या दिवशी तो खूश व्हायला हवा होता. उलट रडकुंडीला आला. सर म्हणतात एवढं मोठं, बाई म्हणतात शून्य, आणि याचं उत्तर मधलं. आता एक नाही, दोन्ही परीक्षक नाराज!

महिनाभराने सर माझ्या खोलीत आले, दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मी आकडे नीट पाहिलेत. तो कॅक्टस आल्यापासून बळ कमी झालंय. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे का, हे निनादला तपासायला सांगाल?"

*

आमचे हे नेकारसुल्मला असतात, गाड्यांच्या इंजिनीअरिंगमध्ये. शनिवार-रविवारी घरी येतात. वळणावर गाडी बाजूला खेचली जाऊ नये, हे त्यांचं काम.

एका रविवारी निनाद जेवायला होता. त्याने पिठलं-भाकरी खात खात आपली सगळी रडकथा ऐकवली. यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "कमाल आहे. तुम्ही लोक वर्षानुवर्षं आडवं बळ शोधताय. आम्ही वर्षानुवर्षं ते घालवायला बघतोय. आमच्याकडे या की, भरपूर आहे."

निनाद हसला नाही. त्याने खरंच विचारलं की तुमच्याकडे जागा आहे का. तेव्हा मला कळलं की पोरगं आतून किती घाबरलंय. मी ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि यांना डोळ्यांनी दटावलं.

*

थिसिस लिहून झाला. राइनके बाईंनी तो वाचला आणि कळवलं की मत देण्याआधी यंत्र स्वतः बघायचंय. झालं! लॅबमध्ये मुलगी बघायला येणार असल्यासारखी झाडलोट सुरू झाली. सर स्वतः फळा पुसत होते.

बाईंना स्टेशनवरून आणायचं काम माझं. सरांची सूचना अशी की रस्त्यात त्या विषयावर एक शब्दही बोलायचा नाही. बाई म्हणजे फूटपट्टीसारख्या, ताठ आणि बारीक. आम्ही वीस मिनिटं फक्त या वर्षीच्या श्पार्गेलबद्दल बोललो. श्पार्गेल ही इथली पांढरी शेंगेसारखी भाजी, मोसमात लोक तिच्यापायी वेडे होतात. मला ती आवडत नाही, पण निनादसाठी मी तिचं तोंडभरून कौतुक केलं.

लॅबमध्ये सर आणि बाई समोरासमोर आले. हात मिळवले, हवा थंड आहे यावर एकमत झालं, आणि संपलं. त्यापुढे दोघं एकमेकांशी थेट बोलेनात. मधे निनाद. यंत्राच्या एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला बाई, अंतर हातभर, आणि तिघंही एकच भाषा बोलणारे.

बाई म्हणाल्या, हेर पोवार (म्हणजे श्रीयुत पोवार), आपल्या प्रोफेसरांना सांगा की हे समीकरण म्हणजे शुद्ध मूर्खपणा आहे.

सरांनी ऐकलं होतं. लॅबमधल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. तरी निनाद वळला आणि सरांना म्हणाला, "बाईंना तुमचं समीकरण लक्षवेधी वाटतंय."

सरांनी मान तुकवली. मग म्हणाले, "बाईंना माझे आभार सांगा."

पुढचा तासभर असंच चाललं. सर म्हणत, त्यांना म्हणावं तुमच्या गणितात अर्धा द्रव हरवलाय. निनाद सांगे, सरांना तुमची पद्धत फार सुटसुटीत वाटते. बाई म्हणत, त्यांना म्हणावं हट्टीपणाचंही एक वय असतं. निनाद सांगे, बाईंना तुमची चिकाटी आवडते. दोघं मूळ वाक्य ऐकत आणि उत्तर मात्र निनादच्या वाक्याला देत. आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत मधला माणूस हेच करतो, पण तिथे निदान दोन्हीकडची मंडळी वेगळ्या खोलीत असतात.

शेवटी बाई यंत्रापाशी वाकल्या, निनादला दहा-बारा नेमके प्रश्न विचारले, त्याची उत्तरं ऐकली आणि कोट चढवला. पास की नापास, चांगलं की वाईट, काहीही बोलल्या नाहीत. दोन आठवड्यांनी कळवलं की थिसिस पुढे न्यायला हरकत नाही, पण मत उमेदवाराला तोंडी विचारल्यावरच ठरवेन.

*

आता शेवटच्या दिवसाचं सांगते.

इथे पीएच.डी.ची तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर होते. कुणीही येऊन बसावं. निनादचे आई-बाबा इचलकरंजीहून आले होते, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून. आई शाळेत शिक्षिका, बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. भोवरे, प्रवाह हे शब्द ऐकून बाबांनी गल्लीत सांगून ठेवलं होतं की पोरगा जर्मनीच्या पाटबंधाऱ्यात आहे. आणि येताना गल्लीलाच नव्हे, सगळ्या पाहुण्यांना सांगून आले होते की डॉक्टर झाल्याशिवाय आम्ही परत येत नाही.

निनादचं काँट्रॅक्ट त्या महिनाअखेरीला संपत होतं. येनाच्या एका लेन्स बनवणाऱ्या कंपनीने नोकरी कबूल केली होती, पण अट एकच, आधी डॉक्टर व्हा. तोंडी परीक्षेत बाईंनी अडवलं तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर इथे राहायची सोयही नाही. सकाळी त्याला बघितलं तर टायची गाठ तिसऱ्यांदा सोडत होता. मीच बांधून दिला.

त्याचं भाषण उत्तम झालं. आई पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी, हिरव्या काठाची साडी नेसून. जर्मनही समजत नव्हतं आणि इंग्रजीतले आलेखही, पण प्रत्येक चित्राला मान डोलावत होत्या. मग प्रश्न सुरू झाले. समितीचे अध्यक्ष दुसऱ्याच विषयाचे, ताऱ्यांवर काम करणारे, त्यांनी बाईंना पहिला मान दिला.

बाई उठल्या. कागद नाही, काही नाही.

"हेर पोवार, तुमचं मत विचारते. हे बळ आहे का?"

सर खुर्चीत पुढे सरकले. मी आईंचा हात धरला.

निनादने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. "आहे," तो म्हणाला. "पण प्रोफेसर हाझेलबुश म्हणतात त्याच्या निम्म्याहून कमी."

"म्हणजे मी चूक आणि तेही चूक?"

ज्या पोराने चार वर्षांत कुठल्याच मोठ्या माणसाला कधी नाही म्हटलं नव्हतं, तो दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाला, "हो."

पुढे 'सॉरी' नाही, 'पण' नाही, काही नाही. मागच्या रांगेत कुणाचं तरी पेन पडलं. बाबांनी मला कानात विचारलं की बरोबर सांगितलं का त्याने. मी म्हटलं, अगदी बरोबर सांगितलं, आणि मला रडूच यायला लागलं.

उरलेला वेळ निनादला कुणी काही विचारलंच नाही. बाईंनी सरांना विचारलं, सरांनी बाईंना विचारलं, थेट, मधे कुणी नाही. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ दाखवलं. शेवटी त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं, समिती निकालाचा विचार करणार म्हणून.

आम्ही व्हरांड्यात. इथे हा विचार साधारण कॉफी पिऊन होईल एवढ्यात आटपतो. लॅबच्या पोरांनी पुठ्ठ्याची डॉक्टरची टोपी करून आणली होती. नवीन डॉक्टरच्या डोक्यावर घालायची ही इथली पद्धत. ती धरून पोरं उभी. आईंनी बेसनाच्या लाडवांचा डबा उघडला, बंद केला, परत उघडला. कॉफी झाली. दुसरी कॉफी झाली. वाइन कोमट झाली. आतून आवाज यायला लागले, आधी बारीक, मग चढे. खडू आपटल्याचा आवाज आला. निनाद भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "गेलं मॅडम. सगळं गेलं."

मी काहीतरी समजूत घातली. आई त्याच्या शेजारी जमिनीवरच बसल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बाबा खिडकीशी, पाठमोरे.

दार उघडलं. आधी अध्यक्ष बाहेर आले, घाम पुसत. त्यांच्यामागे सर आणि बाई, दोघांच्या बाह्यांवर खडूची भुकटी. निनाद उठून उभा राहिला.

बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली.

"हेर डॉक्टर पोवार," बाई म्हणाल्या, "प्रोफेसर हाझेलबुश आणि माझं, दोघांचं पूर्ण एकमत झालेलं आहे. तुमचं चुकलंय."

"गेनाऊ," सर म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर.

निनादने टाय सैल केला, "कुठं चुकलंय? दाखवा की!" असं चक्क मराठीत म्हणाला, दोघांच्या मधून आत शिरला आणि सरळ फळ्यापाशी गेला. सर आणि बाई त्याच्यामागे धावले. दार धाडकन लागलं. टोपी पोरांच्या हातातच राहिली.

आईंना त्या वाक्यातला एकच शब्द समजला होता, पण तो नेमका समजला होता. त्या माझा दंड धरून रडत होत्या आणि हसत होत्या. "अहो, ऐकलंत का? डॉक्टर म्हणाल्या त्याला. माझ्या कानांनी ऐकलं."

बाबांनी अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी हसून मान डोलावली आणि त्यांचा हात हातात घेतला. बाबांनी तो दोन्ही हातांनी हलवला. मग आतले चढे आवाज ऐकून माझ्याजवळ आले आणि काळजीने विचारलं,

"झाला ना मॅडम डॉक्टर? मग परत आत कशाला गेला?"